पालकाशिवाय प्रवेश नाही

आमच्या घरात, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात, एक तक्ता लावलेला आहे. त्या तक्त्याप्रमाणे मी संपत आलोय. माणसाने रोज सकाळी टॉवेल गुंडाळून आंघोळीला जाताना स्वतःबद्दल हे वाचावं, यावर मी फार काही बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण ऐकून कोण घेतं?

तक्ता आमच्या सुनेचा. ती कॉलेजात मानवी विकास हा विषय शिकवते. जन्मल्यापासून जाईपर्यंत माणसाला कुठल्या वयात काय समजायला लागतं आणि कुठल्या वयात त्याच्या मनात कसली मारामारी चालते, ते तिला तोंडपाठ आहे. तक्त्यावर आठ चौकोन आहेत, जिन्यासारखे चढत गेलेले, आणि प्रत्येक चौकोनात एक 'की' आहे. तान्ह्या बाळाचं 'विश्वास की अविश्वास'. मग 'माझं मी करीन की लाज'. मग 'पुढाकार की अपराधीपणा', 'उद्योग की न्यूनगंड' असं करत करत माणूस वर जातो. एकाही चौकोनात कुणाला धड स्वस्थता नाही. मुलांना कळायला सोपं जावं म्हणून सुनेने चौकोनांत घरच्याच माणसांचे फोटो चिकटवले, कॉलेजात दाखवून झाल्यावर तक्ता घरी आणला, आणि भिंतीवरचा ओलीचा डाग झाकला जातो म्हणून तो बोळात लागला. नात चौथ्या चौकोनात आहे. चिरंजीव आणि सून 'जवळीक की एकाकीपणा'मध्ये, एकाच फोटोत, दोघं दोन दिशांना बघत. आठव्या म्हणजे शेवटच्या चौकोनात मी. फोटो माझ्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, ज्यात मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो. खाली लिहिलंय: 'मागे वळून पाहणे. झाले ते स्वीकारणे.'

तक्ता लागला त्या दिवशी माझी आई काठी टेकत बोळात आली. तिचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिने चष्मा वरखाली करून सगळा जिना न्याहाळला आणि विचारलं, "मी कुठे आहे?"

"आजी, तुम्हीसुद्धा शेवटच्याच टप्प्यात," सून म्हणाली. "पासष्टच्या पुढचे सगळे त्यातच येतात."

"मग माझ्या खोलीत हा कशाला शिरलाय?" आई म्हणाली आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली. वडील गेल्यापासून ती बहुतेक वेळ तिथेच असते. येणारा जाणारा तिच्याशी ओरडून बोलतो. तिला ऐकू व्यवस्थित येतं, पण हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण ती सांगायला लागली की लोक आणखी मोठ्याने "हो हो" म्हणतात.

तर एका रविवारी सुनेने नातीवर एक प्रयोग केला. दोन बुटके ग्लास घेतले, दोन्हींत सारखं पाणी भरलं. मग एकातलं पाणी एका उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं आणि विचारलं, "आता कशात जास्त आहे?"

"सारखंच आहे. तेच तर पाणी आहे," नात म्हणाली.

सून हरखली. लहान मुलं म्हणे उंच ग्लासाकडे बघून फसतात. भांडं बदललं तरी पाणी बदलत नाही हे कळायला सातवं वर्ष उजाडावं लागतं, आणि ते आमच्या घरी वेळेवर उजाडलं होतं. मी पेपर खाली ठेवला. मला बोलायची काही गरज नव्हती हे आज मान्य आहे.

"चूक," मी म्हणालो. "उंच ग्लासात कमी आहे."

"बाबा, तुमच्यादेखत ओतलं."

"म्हणूनच सांगतोय. पाणी एकीकडून दुसरीकडे गेलं की गळती होणारच. माझा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. टाकीतून सुटलं तेवढंच पाणी नळाला आल्याचं एक उदाहरण दाखव, मी तुझं ऐकतो."

टेबलावर दोन थेंब सांडलेले होते, ते मी बोटाने दाखवलेसुद्धा. सून हसली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण ती हसली नाही. ती अतिशय मायेने म्हणाली, "हं बाबा, बरोबर आहे हं तुमचं." आणि चिरंजिवाकडे वळून, मी खोलीत नसल्यासारखं, तिने समजावलं, "या टप्प्यावर माणसं जुन्या अनुभवाला घट्ट धरून बसतात. वाद नाही घालायचा. नवीन काही त्यांच्यावर लादायचं नाही. त्यांना निवांत मागे वळून पाहू द्यायचं." मग दोघांनी मिळून योजना सांगितली. गॅलरीत एक आरामखुर्ची टाकायची. दर रविवारी मी तिच्यात बसून माझ्या आयुष्याचा आढावा घ्यायचा आणि चिरंजिवाने तो मोबाइलवर टिपायचा. म्हणजे माझ्या आठवणी काढण्याचं काम माझ्यावरच सोपवून मंडळी मोकळी होणार.

सून वाईट नाही हो. माझं पथ्यपाणी ती माझ्यापेक्षा जास्त सांभाळते. पण "हं बाबा, बरोबर आहे हं" हे वाक्य ज्याने ऐकलंय त्यालाच माझी आग कळेल.

"मी मागेबिगे वळणार नाही," मी म्हणालो. "मी नवीन काहीतरी शिकणार आहे."

"काय?" चारी बाजूंनी प्रश्न आला.

आता काय, ते मी ठरवलं नव्हतं. डोळ्यांसमोर तो ग्लास होता. "पोहायला," मी म्हणालो.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बादलीतल्या गार पाण्याला हात लावताना ओरडता, ते आधी शिका."

तिचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. गावभर पाणी पुरवणारा हा माणूस कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी हाच विनोद केला होता आणि लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले होते. मीही हसलो होतो. त्या हसण्याचा मला आजपर्यंत त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी मी पोहण्याच्या तलावावर गेलो. खिडकीत व्यवस्थापक बसले होते. हे गृहस्थ समोरच्या माणसाकडे न बघता संगणकाकडे बघून बोलतात आणि संगणक जे सांगेल ते वाईट बातमीच्या सुरात सांगतात.

"वय?"

"सहासष्ट."

"ज्येष्ठांची तुकडी. सकाळी दहा."

ती तुकडी मी जाळीतून बघितली. कमरेएवढ्या पाण्यात माझ्या वयाची मंडळी कठड्याला धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होती आणि डॉक्टरांविषयी बोलत होती. गॅलरीतली आरामखुर्चीच जणू पाण्यात सोडली होती. पोहत कोणीच नव्हतं.

"इथे पोहायला कधी शिकवतात?"

"साठीनंतर शिकवत नाहीत, काका. साठीनंतर पाण्याचा आनंद घ्यायचा."

मी आनंद न घेता परत आलो आणि जिन्यात ऑडिटर भेटले. हे आमच्या समोरच्या दारात राहतात. निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय, पण अजून कुणी नमस्कार केला तरी त्यात काही त्रुटी आहे का हे आधी बघतात. मी पोहायला शिकणार ही बातमी त्यांना आमच्या हिच्याकडून पोचली होती. त्यांनी मला घरात बसवून सल्ले दिले. कानात कापूस घालावा. कापूस घालू नये, तो फुगतो. पोट रिकामं ठेवावं, पण फार रिकामं नको, माणूस तरंगत राहतो आणि खाली जात नाही. त्यांना स्वतःला पोहता येतं का, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "तपासणाऱ्याला यावं लागत नाही."

पण त्यांनी एक काम चोख केलं. माझ्याबरोबर तलावावर येऊन त्यांनी तिथला नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला, दोनदा, ओठ हलवत. मग खिडकीशी जाऊन ते म्हणाले, "शिकाऊ तुकडी. अट, वयाची सहा वर्षं पूर्ण. कमाल वय लिहिलेलं नाही."

"ती लहान मुलांची तुकडी आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"तसं लिहिलेलं नाही. यांची सहा पूर्ण झालीत. तुम्हाला शंका असल्यास दाखला आणतो."

व्यवस्थापकांनी पहिल्यांदाच संगणकावरून नजर काढली. त्यांनी फलक वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते मला मुळीच आवडलं नाही. "ठीक आहे. पण खालची ओळही वाचा. शिकाऊ तुकडीला पालकाशिवाय प्रवेश नाही. पालकाने पूर्ण वेळ बाकावर बसणं बंधनकारक. या तुम्ही, पालकांना घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो. ऑडिटरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांना मी आवडू लागलो होतो.

घरी येऊन मी चिरंजिवाला विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळी त्याचं ऑफिस असतं, आणि बाबा, ते कसं दिसेल? शाळेच्या पहिल्या दिवशी हा मुलगा फाटकाला लोंबकळून भोकाड पसरून रडत होता आणि मी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्याच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसलो होतो, तेव्हा मी कसा दिसत होतो हे मी त्याला विचारलं नाही. आमच्या हीला विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं तेच केलंय. आता सुट्टी." सुनेला विचारण्यात अर्थ नव्हता, ती "हं बाबा" म्हणाली असती.

मी बोळात उभा राहून स्वतःच्या फोटोकडे रागाने बघत होतो, तेव्हा खिडकीकडून आवाज आला.

"किती वाजता जायचं असतं?"

"कुठे?"

"तुझ्या तलावावर. मी येते. पालक मीच आहे तुझी. माझा अजून कुणी राजीनामा मागितलेला नाही."

व्यवस्थापकांचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. आई काठी टेकत खिडकीशी आली, एका हातात पिशवी, पिशवीत माझा टॉवेल, कंगवा, स्वेटर आणि बिस्किटांचा पुडा. "हा माझा मुलगा," ती म्हणाली. "पाण्याला जरा घाबरतो. पण चांगला आहे."

"आजी, तुम्ही तासभर बाकावर..."

"ओरडू नका. ऐकू येतं मला."

त्यांनी मला तुकडीत घेतलं, घ्यावंच लागलं; पण आपलीही एक अट घातली. महिनाअखेर परीक्षा होते. छोटा तलाव आडवा, कशालाही न धरता, पाय न टेकता पार करायचा. जो पार करेल तो मोठ्या तलावात. मुलं नापास झाली तर पुन्हा बसतात. "तुम्ही नापास झालात, तर मात्र मुकाट्याने ज्येष्ठांच्या कठड्याला. परत हा विषय काढायचा नाही. कबूल?"

मी कबूल केलं. माझ्या बाजूने आईने मान डोलावून दुजोरा दिला.

आता त्या महिन्याचं काय वर्णन करू! पोहण्याचा पोशाख नावाचा जो प्रकार असतो तो दुकानातल्या पोराने "काका, ताणला की बसेल" म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. तो ताणला जात होता, बसत नव्हता. वर डोकं चिमटणारी रबरी टोपी. कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येताना मी डोळे मिटून घेतले. आपण डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही, अशी फार लहान मुलांची समजूत असते, असं सून कधीतरी म्हणाली होती. लहान मुलांच्या त्या समजुतीत बरंच तथ्य आहे. निदान ओरडा ऐकू येईपर्यंत.

"आजोबा! पुढे पाणी आहे!"

ही आमच्या तुकडीची शिक्षिका. सगळी मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताई म्हणायला लागलो, आणि ती माझ्या मुलाहून लहान असूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्यात ती सांगेल तेच खरं होतं. पहिल्या दिवशी तिने मला पाठीखाली हात देऊन उताणं झोपवलं आणि म्हणाली, "सोडा अंग. मी धरलंय."

मी अंग सोडलं नाही. मी तिचा हात, तिचा खांदा आणि शेजारून जाणाऱ्या एका मुलाचा पाय, असं सगळं धरलं. खात्यात राहून मी एक शिकलो होतो, की 'मी धरलंय' म्हणणाऱ्यावर कधी भिस्त ठेवायची नाही. आणि तेव्हा नाकातोंडात पाणी जात असताना मला तक्ता आठवला. 'विश्वास की अविश्वास'! अहो, तो तर पहिला चौकोन! मी आठव्यात नव्हतोच. सुनेने माझा फोटो चुकीच्या जागी चिकटवला होता. पोशाखाच्या वेळी मी दुसऱ्यात होतो, 'माझं मी करीन की लाज'. आणि न विचारता उडी मारून ताईच्या डोक्यावर आदळलो, तेव्हा तिसऱ्यातला पुढाकार आणि तिसऱ्यातलाच अपराधीपणा मी एका मिनिटात उरकला. त्या रात्री मी घरी जाहीर केलं की मी जिना खालून पुन्हा चढतोय, तेव्हा आठव्या चौकोनातला माझा फोटो काढून घ्यावा. सून म्हणाली, "बाबा, तसं खाली येता येत नसतं." मी म्हणालो, "तुझ्या तक्त्याला सांग."

अपमान काय एक होता? मुलं आठवड्याभरात माशासारखी सुटली. मी फळीला मिठी मारून एकाच जागी पाय झाडत होतो. पाणी उडायचं भरपूर, मी हलायचो नाही. माझ्या शेजारी शिकणारी दात पडलेली एक मुलगी मला दिलासा द्यायची, "होतं असं. माझ्या भावाचंपण होत नव्हतं. तो चार वर्षांचा आहे." एकदा फळी निसटली आणि मी बुडालो, आणि वर आलो तेव्हा सगळी तुकडी टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या एका दिवशी आमच्या सुनेच्या कॉलेजातल्या मुली मुलांचं निरीक्षण करायला आल्या. पाठोपाठ सून. तिने तुकडीकडे बघितलं, रबरी टोपीतल्या मला बघितलं आणि खांबाआड झाली. तिच्या एका विद्यार्थिनीने मला प्रश्न विचारला, "तुम्हाला पाण्यात गेल्यावर काय वाटतं?" मी म्हणालो, "बाहेर यावंसं." तिने ते लिहून घेतलं आणि वर 'उत्तर टाळतात' असा शेरा मारला.

आणि आई! मी काठाशी आलो की ती बाकावरून ओरडायची, "पाय वाकवू नकोस! ताई सांगते ते ऐक!" बाहेर आलो की सगळ्यांदेखत माझं डोकं टॉवेलने खसाखसा पुसून मला स्वेटर घालायची. बाकावर इतर मुलांच्या आया असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला टोकाला जागा दिली. चौथ्या दिवशी ती मधोमध होती. कुणाचं मूल जेवत नाही, कुणाचं बोलत नाही, कुणाचं अंगठा चोखतं, सगळी गाऱ्हाणी तिच्यापुढे यायची, आणि तोडग्याला ती दाखला म्हणून माझं बालपण वापरायची. "हा दीड वर्षाचा झाला तरी चालत नव्हता. मीही घाबरले होते. आता बघा." सगळ्या आया वळून बघायच्या. मी फळीला मिठी मारून पाय झाडत असायचो. "हळूहळू करतो. पण करतो," आई म्हणायची. गादी कितव्या वर्षापर्यंत ओली होत होती हेही एव्हाना त्या बाकावर सर्वांना ठाऊक होतं. परवा भाजीच्या दुकानात एक अनोळखी बाई माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसल्या, त्याचं कारण हेच.

मी एकदा घरी येताना तिच्यावर चिडलो. "माझ्या अब्रूचे धिंडवडे काढतेस तू तिथे!"

ती काठी थांबवून उभी राहिली. "मला त्या बाकावर कुणी ओरडून बोलत नाही," ती म्हणाली. "विचारतात आणि उत्तर ऐकतात. घरी मला विचारतात ते औषध घेतलं का एवढंच. मी तिथे कुणाची तरी आई असते रे. खुर्चीत नसते."

माझा राग माझ्यावरच उलटला. मी मागे वळून पाहायला नकार देणारा मोठा शूर, आणि माझ्या घरात एक माणूस कित्येक वर्षं निमूट खिडकीशी बसवून ठेवलेलं होतं. तिला नुसतं मागे वळून पाहायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मला चार हात जमायला लागले. श्वास घेताना पाणी पीत होतो, पण पुढे सरकत होतो. एक दिवस फळी न घेता तलावाच्या मध्यापर्यंत गेलो आणि तिथे मला एकदम आनंद झाला, इतका की मी हसलो आणि बुडालो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की जमणार. आणि लगेच दुसरा विचार आला. जमलं तर मोठा तलाव. मोठ्या तलावाला पालक लागत नाही. आईचा बाक संपला. न जमलं तर कठडा, आणि बाक तरीही संपला. पण निदान मुलांसारखं मला पुन्हा एक महिना बसू द्या म्हणून हातापाया पडता आलं असतं. परीक्षेच्या सकाळी आरशासमोर दाढी करताना मी हेच डोक्यात घोळवत होतो. व्यवस्थापकांपुढे कसं रडायचं याची तयारीसुद्धा करत होतो.

आई दारात येऊन उभी राहिली. तिने माझा चेहरा आरशात वाचला. लहानपणी मी पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवायचो तेव्हा वाचायची तसाच.

"मुद्दाम बुडलास तर सगळ्यांसमोर कान उपटीन," ती म्हणाली.

परीक्षेला घरची सगळी मंडळी आली. आमची ही डोळ्यांवर हात ठेवूनच बसली होती. चिरंजिवाने मोबाइल धरला होता. ऑडिटर फलकाशेजारी उभे राहून व्यवस्थापकांना 'आडवा' म्हणजे नेमका कुठून कुठे हे लेखी मागत होते. एकेक मूल शिट्टी झाली की सुळकन पार जात होतं. दात पडलेली मुलगी पार गेली आणि पलीकडे काठावर बसून माझी वाट बघत राहिली. मग माझं नाव पुकारलं.

मी उतरलो. पहिले काही हात छान पडले. मध्यावर आल्यावर माझा श्वास चुकला. तोंडात पाणी आलं, डोळ्यांत पाणी आलं, पोशाख ताणायचा तेवढा ताणून आता खाली निघाला, तो एका हाताने धरला आणि मी खाली गेलो. वर आलो तेव्हा समोर ताईने बांबू धरला होता. पकडला की सुटका, पकडला की नापास. माझा हात बांबूकडे निघाला.

"बांबू मागे घ्या!" बाकावरून आरोळी आली. आई काठी न घेता उभी होती. "ताई, मागे घ्या तो! येतं त्याला! मी सांगते ना, हळू करतो, पण करतो!"

"आजी, त्यांना दम लागलाय..."

"लागू दे! जन्मापासून लागतो त्याला!"

आणि मग आणखी एक आवाज आला, फाटलेला, कॉलेजात कधी कुणी ऐकला नसेल असा. "पाय मारा, बाबा! पाय! काय बघताय बांबूकडे, पुढे व्हा!" ती आमची सून होती. तिने "हं" म्हटलं नव्हतं. तिच्या आवाजात माया नव्हती, नुसता आरडाओरडा होता, आणि इतक्या वर्षांत तिचं कुठलंही बोलणं मला इतकं गोड लागलं नव्हतं. ताईने बांबू मागे घेतला. मी पोशाख सोडून दिला, जे व्हायचं ते होवो म्हणून, आणि दोन्ही हात मारले. ते पोहणं नव्हतं. पाण्याशी केलेली झटापट होती. पण माझ्या बोटांना फरशी लागली, दात पडलेल्या मुलीने माझा अंगठा घट्ट पकडला, आणि पोशाख गुडघ्यापाशी अडकून राहिला होता तो मी पाण्यातल्या पाण्यात वर घेतला.

बाकावरच्या सगळ्या आया उभ्या राहून ओरडत होत्या. अभिनंदन मात्र सगळ्यांनी आईचं केलं. व्यवस्थापक स्वतः खिडकीतून बाहेर आले.

"मानलं, काका," ते म्हणाले. "उद्यापासून मोठा तलाव. आणि आजी, तुम्हाला आता तसदी नाही. पालकांची गरज नाही तिथे."

आई माझं डोकं पुसत होती. तिचा हात थांबला. तिने टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवली, कंगवा ठेवला. मग तिने व्यवस्थापकांना विचारलं, "शिकाऊ तुकडीत नवीन मुलं कधी घेता?"

"सोमवारी. का, कुणी नातवंडं आहेत का?"

"सहा पूर्ण लागतात ना?"

"हो."

"मग माझं नाव लिहा."

व्यवस्थापकांनी आईकडे बघितलं, काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून काकुळतीला येऊन म्हणाले, "काका, तुम्ही तरी समजवा त्यांना. कुणी ज्येष्ठ... कुणी जबाबदार माणूस..."

"पालक म्हणून माझं नाव घाला," मी म्हणालो. माझ्या अंगावरून पाणी गळत होतं आणि मला अजून धाप लागत होती. "रोज तासभर बाकावर बसेन. आणि तिला कठड्याला धरून चालायला लावलंत, तर गाठ माझ्याशी आहे."